'सेक्युलर' शब्दाची कैफियत

काही शब्द अर्थ सांगण्यासाठी वापरले जातात, काही माणसांची परीक्षा घेण्यासाठी. 'सेक्युलर' हा शब्द आम्हा मराठी मुसलमानांच्या वाट्याला बहुधा दुसऱ्या प्रकारे आला आहे. 'तुम्ही सेक्युलर आहात का?' या प्रश्नाला 'हो' म्हटले, तर मोहल्ल्यात काहींना वाटते, यांनी दीन सोडला. 'नाही' म्हटले, तर बाहेर आमच्या देशप्रेमाविषयी शंका. म्हणून या शब्दाची एकदा नीट विचारपूस करणे आम्हाला आवश्यक वाटते.

लॅटिनमधील 'सेक्युलम' म्हणजे पिढी, युग, शतक. ख्रिस्ती धर्मव्यवस्थेत त्याला 'हे जग, हा काळ' असा अर्थ आला. मठात न राहता लोकांत वावरणाऱ्या पाद्र्यांना तिथे आजही 'सेक्युलर' म्हणतात. म्हणजे धर्मगुरूच सेक्युलर! अर्थशास्त्रात दीर्घकाळ टिकणाऱ्या कलालाही हेच विशेषण लावतात; तिथे धर्माचा संबंधच नाही. 1851 मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज होलिओक यांनी 'सेक्युलॅरिझम' हा शब्द पुढे आणला आणि त्याला विचारसरणीचे रूप आले.

आपल्या संविधानात हा शब्द 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने आला, असे सांगितले जाते. उद्देशिकेपुरते ते खरे आहे. पण कलम 25 मध्ये तो 1950 पासूनच आहे. धर्माचरणाशी निगडित आर्थिक, राजकीय वा इतर 'सेक्युलर' व्यवहारांचे नियमन शासन करू शकते, असे ते कलम म्हणते. इथे अर्थ सरळ 'ऐहिक' असा आहे. दर्ग्यातली फातिहा वेगळी, दर्ग्याच्या हिशेबाची वही वेगळी. पुढे उद्देशिकेच्या मराठी पाठात तो 'धर्मनिरपेक्ष' झाला, हिंदीत 'पंथनिरपेक्ष'. भाषणांत 'सर्वधर्मसमभाव', विरोधकांच्या तोंडी 'निधर्मी', तर उर्दूत कधी 'लादीनी'. भांडणारे शब्द एकच उच्चारतात, पण प्रत्येकाच्या मनात अर्थ निराळा असतो.

आमच्या मते सेक्युलर असणे ही राज्यकारभाराची जबाबदारी आहे. ते कुणाच्या श्रद्धेचे प्रमाणपत्र नव्हे. पाच वक्त नमाज पढणारा कारकून दाखला देताना अर्जदाराचे नाव वाचून हात आखडता घेत नसेल, तर त्याचे काम सेक्युलर आहे. मशिदीची वा देवळाची पायरी कधीच न चढणारा, पण जातजमात पाहून शिक्का मारणारा माणूस सेक्युलर नव्हे. फिकहमध्ये इबादत आणि मुआमलात असा भेद केलेला आहे. मुआमलातही शरीअतच्या कक्षेतच येतात, तेव्हा दोन्ही कल्पना एकच, असे आम्ही म्हणणार नाही. पण तराजूने गिऱ्हाइकाचा धर्म विचारू नये, ही शिकवण आम्हाला परकी नाही.

खरी कसोटी मात्र पुढेच आहे. आपण संख्येने कमी असताना धर्मनिरपेक्ष राज्य मागणे सोपे असते. बांगलादेशाने 1972 च्या संविधानात 'धर्मनिरपेक्षता' हाच शब्द घेतला. 1977 मध्ये तो काढला गेला, 1988 मध्ये इस्लाम राज्यधर्म झाला. 2011 मध्ये शब्द परत आला, पण राज्यधर्मही कायम ठेवला गेला. तिथल्या हिंदू आणि बौद्ध कुटुंबांना त्या शब्दाचे मोल तेवढेच, जेवढे इथे आम्हाला. इथे तो हवा आणि तिथे नको, असे म्हणणाऱ्याला मूल्य नको असते, सोय हवी असते. तिथल्या हिंदूंसाठी हळहळणाऱ्या आणि इथल्या मुसलमानाकडे पाठ फिरवणाऱ्या बांधवांनाही हेच लागू आहे.

25 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा शब्द उद्देशिकेतून वगळण्याची मागणी फेटाळली. न्यायालय शब्द राखू शकते. त्याचा अर्थ राखणे लोकांच्या हाती. कुरआनातील एका छोट्या सुरेचे नावच 'अल-अस्र', म्हणजे काळ. आपल्या श्रद्धा वेगवेगळ्या असल्या, तरी हा काळ आपल्याला एकत्रच काढायचा आहे. त्यात शेजाऱ्याचा हक्क आपल्या हक्काइतकाच जपला गेला, तर या शब्दाला कुणाची परीक्षा घ्यावी लागणार नाही.