भाग बदलले, बोर्ड तोच?

पंपाच्या ऑटो स्विचमधला जळालेला भाग काढून नवा बसवला, तर चालू झालेला बोर्ड जुनाच की नवा? प्रश्न किरकोळ वाटतो. पण वस्तू म्हणजे केवळ तिचे भाग, की भागांहून वेगळे काही, या वादात भारतीय दर्शनांनी शतके घालवली आहेत.

राहुरी तालुक्यातल्या देवळाली प्रवरा परिसरात ऊस आहे, विहिरी आणि बोअर आहेत, आणि शेतीची वीज पाळीने, अनेकदा रात्री येते. वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच म्हणूनच शेतकऱ्याच्या झोपेशी बांधलेला असतो. त्याचा बोर्ड व्होल्टेजच्या चढउताराने, पावसाळी विजांनी किंवा आत शिरलेल्या मुंग्यांनी बिघडतो. दुरुस्ती करणारा आधी नुसते पाहतो: माथ्याशी फुगलेला कपॅसिटर, काळवंडलेला रेझिस्टर, तडा गेलेले सोल्डर. मग पुरवठा तोडून, कपॅसिटरमध्ये साठलेला भार उतरवून मल्टिमीटर लावतो.

विचार करण्याजोगी गोष्ट इथे घडते. बोर्डावर बसलेल्या रेझिस्टरचे माप पुष्कळदा कमी दिसते, कारण मीटरचा प्रवाह शेजारच्या भागांतूनही वाट काढतो. खरे माप हवे तर त्याचा एक पाय सोल्डरमधून सोडवावा लागतो. रिलेचे नेमके उलटे. टेबलावर ती ‘टक्’ वाजते, कॉइलचे मापही बरोबर येते, पण मोटरचा भार आला की जळके संपर्क दगा देतात. म्हणजे एका भागाचा गुण वेगळा काढल्यावर कळतो, तर दुसऱ्याचा दोष जोडलेला असतानाच.

न्याय-वैशेषिक मतानुसार अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तू, अवयवांहून वेगळी आणि खरी असते. मात्र वस्त्रातला एक धागा काढला तरी जुने वस्त्र नष्ट होऊन दुसरेच उत्पन्न होते, असेही हे मत सांगते. या हिशेबाने प्रत्येक कपॅसिटरमागे नवा बोर्ड जन्मतो. तर्क स्वच्छ आहे, पण दुरुस्तीला आणलेली वस्तू आणि परत नेलेली वस्तू एकच, या व्यवहाराला तो साध्या सारखेपणावर आणून ठेवतो. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो की चाक, आस, जू यांपैकी रथ कोणता. रथ हे भागांच्या आधारे केलेले व्यवहारातले नाव ठरते. रिलेचा दोष मात्र नुसत्या नावाने उलगडत नाही. त्यासाठी बौद्धांचाच प्रतीत्यसमुत्पाद, सर्व काही परस्परांच्या आधारे घडते हा विचार, अधिक उपयोगी पडतो. जैन दर्शन उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही तिन्ही लक्षणे एकाच द्रव्यात मानते: जुना भाग गेला, नवा आला, बोर्ड टिकला. दुरुस्तीच्या अनुभवाला हेच उत्तर सर्वांत जवळचे आहे.

याच परिसरातल्या प्रवरा नदीच्या काठी, नेवाशाला, शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला जुनी वस्त्रे टाकून नवी घेण्याचा दृष्टान्त तिच्यामुळे मराठी घरांत पोहोचला. पण तो दृष्टान्त पूर्ण बदलाचा आहे, ठिगळाचा नाही. नेसणारा वेगळा असल्यामुळे वस्त्र तेच राहिले का, हा प्रश्न तिथे उरतच नाही.

जैन उत्तरातही एक अडचण राहते: किती भाग बदलेपर्यंत ‘तोच’ म्हणायचे? पुरीच्या जगन्नाथ मंदिराने यावर विधीतून मार्ग काढला आहे. 1996 आणि 2015 साली झालेल्या नवकलेवरात कडुनिंबाच्या लाकडाच्या नव्या मूर्ती घडवल्या गेल्या. जुन्या मूर्तींतला ब्रह्मपदार्थ नव्यांत ठेवून जुन्यांना भूमीत निरोप देण्यात आला. लाकूड सगळे बदलले, तरी भक्तांसाठी देव तोच. महत्त्व भागांच्या संख्येला नाही, कोणता भाग पुढे नेला याला आहे.

मोबाईलवरून चालणाऱ्या पंप स्टार्टरमध्ये असा भाग शोधायचा तर तो मायक्रोकंट्रोलर आणि त्याच्या जोडीची स्मृती हाच म्हणावा लागेल. पंप कसा चालवायचा याचा प्रोग्रॅम, विहीर कोरडी पडल्यास मोटर किती वेळाने बंद करायची याची वेळ आणि मालकाचा मोबाईल नंबर तिथे साठवलेले असतात. रिले, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर सारे बदलले तरी स्टार्टर मालकाला ओळखतो. कोरा मायक्रोकंट्रोलर आणि कोरी स्मृती बसवली, तर बाकीचा बोर्ड जुना असूनही आधी प्रोग्रॅम भरावा लागतो, आणि नंबर नव्याने नोंदवावा लागतो.