मालक नसलेल्या किनाऱ्यावर चोर कोण?



आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या बाराव्या आणि तेराव्या श्लोकावर. भगवंत इथे फार कडक बोलतात. देवांनी दिलेलं त्यांना काहीच परत न देता जो एकटा भोगतो, तो सरळ चोर. आणि जे फक्त स्वतःसाठी शिजवतात, ते पाप खातात. आपण हे श्लोक नैवेद्यापाशी आणून सोडून देतो. ताट देवापुढे ठेवलं, पाणी फिरवलं, झालं. पण 'चोर' हा शब्द मला एवढ्याने सुटल्यासारखा वाटत नाही. चोरी व्हायला मालक लागतो ना? जिथे कोणी मालक नाही, किंमत नाही, बिल नाही, तिथे घेणारा चोर कसा ठरेल?

हा प्रश्न मला नीट भिडला तो स्कॉटलंडमध्ये. कामानिमित्त ग्लासगोला होतो तेव्हा एका जूनमध्ये टीममधला एक सहकारी आणि त्याचा मित्र यांच्याबरोबर पश्चिम किनाऱ्यावरच्या एका सी लॉखवर दोन रात्री तंबूत राहिलो. (जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक रील व्हायरल झाली की जागेचं काय होतं, ते आपल्या गडांवर आणि धबधब्यांवर बघतोच आपण.) सी लॉख म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेला समुद्राचा लांब फाटा. हिमनद्यांनी दरी कोरली, मग तिच्यात समुद्र भरला. आत पाणी शांत, पण भरती-ओहोटी खऱ्या समुद्राची. ओहोटी लागली की खडक उघडे पडतात आणि पान वाढल्यासारखं सगळं समोर येतं: लालसर डल्स, कॅरागीन ही शेवाळं, छोट्या शंखांचे विंकल, खडकाला घट्ट चिकटलेले शंकूच्या आकाराचे लिंपेट, काळे मसल्स.

तिथला कायदाही ऐकण्यासारखा आहे. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक मोकळ्या जमिनीवर कोणालाही जबाबदारीने फिरायचा आणि तंबू टाकायचा हक्क दिला, जमीन खासगी असली तरी. तंबू छोटे, माणसं थोडी, एका जागी दोन-तीन रात्री, आणि निघताना मागे काही ठेवायचं नाही. या हक्कात मासेमारी मात्र येत नाही. समुद्रातले मासे धरायचा लोकांचा हक्क वेगळा, जुना आहे, आणि त्यातूनही सॅल्मन आणि सी ट्राउट वगळलेले. कालवं आणि मसल्स यांच्यावर तर क्राऊनचा, म्हणजे राजसत्तेचा हक्क. खडकभर मसल्स समोर, तरी परवानगीशिवाय हात लावायचा नाही. (लावू नयेच म्हणा. मसल्स पाणी गाळून जगतात, आणि पाण्यात विषारी सूक्ष्म शैवाल वाढलं असेल तर ते विष त्यांच्या अंगात साठतं. उकळलं तरी जात नाही.)

म्हणजे अगदीच बेवारस काही नव्हतं. पण कायद्याच्या रेषेच्या आतही भरपूर जागा उरते. आमच्या भाषेत सांगायचं तर फॉर्मचं व्हॅलिडेशन पास झालं म्हणजे भरलेला डेटा खरा आहे असं नाही. श्लोक त्या उरलेल्या जागेबद्दल बोलतो असं मला वाटतं.

माझा सहकारी भाल्याने मासे मारतो, म्हणजे स्पिअरफिशिंग. तिथलं पाणी उन्हाळ्यातही गारठवतं, म्हणून अंगावर जाड वेटसूट, कमरेला शिशाची वजनं, हातात रबराने ताणलेली स्पिअरगन. पाठीवर हवेची टाकी नाही. एका श्वासात खाली जायचं, थांबायचं, वर यायचं. मित्र तेवढा वेळ पाण्यावर थांबून नजर ठेवतो. एकट्याने उतरायचंच नाही हा त्यांचा नियम. जाळ्यात काय येईल ते येतं. इथे एकेक मासा बघून निवडावा लागतो.

त्या संध्याकाळी तो दोन पोलॅक घेऊन आला. एक मोठा बॅलन रॅसही दिसला होता, पण सोडला म्हणाला. का? तर हे मासे आयुष्य मादी म्हणून सुरू करतात, आणि त्यातले काहीच पुढे वाढून नर होतात. वीस-वीस वर्षं जगतात. मोठा मारला तर बहुधा त्या खडकावरचा नर गेला. लिंपेटचं नेमकं उलटं. ते आधी नर, मोठे झाले की मादी. म्हणजे तुम्ही टपोरे टपोरे वेचलेत तर माद्याच उचलल्यात. भाजीवाल्याकडे आपला हात आपोआप मोठ्या फळाकडे जातो ना, तोच हात इथे सगळ्यात जास्त नुकसान करतो. मी एक लिंपेट कितीतरी वेळ बघत बसलो होतो. तो चरायला बाहेर पडतो आणि परत आपल्याच जागी येतो, जिथे त्याच्या शिंपल्याची कड खडकाच्या उंचवट्यांना तंतोतंत बसते. घर असलेला जीव आहे तो.

आता तुम्ही म्हणाल, दादा, एवढं कौतुक कशाला, हत्या ती हत्याच. मी माळकरी, मी त्यातलं काही खाल्लं नाही. तरी प्रश्न तिथे संपत नाही. महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधाची कथा आहे. मिथिलेतला मांस विकणारा, आणि कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण त्याच्याकडे धर्म समजून घ्यायला येतो. व्याध त्याला दाखवून देतो की नांगर चालला की जमिनीतले जीव मरतात, चालताना पायाखाली मरतात, पूर्ण अहिंसक कोणीच नाही. एवढाच भाग उचलून लोक वाद घालतात. पण तोच व्याध हेही सांगतो की मी स्वतः मारत नाही आणि मांस खात नाही. सगळेच मारतात म्हणून काहीही चालेल, असा अर्थ त्याने काढलेला नाही.

माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं असं की निदान मी माशाकडे बघून मारतो. यात तथ्य आहे. त्याच किनाऱ्यावरच्या लॉखांमध्ये सॅल्मनची पिंजऱ्यातली शेती चालते, आणि सॅल्मनच्या अंगावरच्या समुद्री उवा खायला याच खडकांमधले रॅस पकडून पिंजऱ्यात सोडतात. सुपरमार्केटमध्ये गुलाबी तुकडा घेणाऱ्याने रॅसचं नावही ऐकलेलं नसतं. आणि आपणही फार लांब नाही. कॅरागीनसारख्या लाल शेवाळांपासून काढलेला पदार्थ आइस्क्रीममध्ये, चॉकलेट मिल्कमध्ये असतो. पाकिटामागे ४०७ आकडा शोधा. शुद्ध शाकाहारी ताटाची वाटही कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावरून जाते.

पण बघून मारलं, आदराने मारलं, हे उत्तर मला पुरत नाही. आदर माणसाच्या मनात आहे, मरण माशाचं आहे. त्या आदरातलं माशाला काय मिळालं?

मग परत देणं म्हणजे काय? मला नारळी पौर्णिमा आठवते. समुद्राला नारळाची भूक थोडीच आहे? पण त्या नारळाच्या आधी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. आता तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदच असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. नारळ येतो तो थांबून झाल्यावर. समुद्राला खरोखर दिलेलं काही असेल तर ते थांबलेले दिवस. लॉखवर शेवाळ कापतानाही खडकाला धरलेलं बूड तसंच ठेवतात, म्हणजे ते परत फुटतं. तो सोडलेला रॅसही त्यातलाच. या जागी यज्ञ 'न घेण्यात' आहे असं मला वाटतं.

इथे एक काटा मात्र आहे. एकोणिसाव्या शतकात या हायलँड्समधल्या कितीतरी कुटुंबांना मेंढपाळीसाठी जमिनीवरून हाकललं गेलं. अनेकजण किनाऱ्याला येऊन पडले. १८४६ ला बटाट्याचं पीक कुजलं तेव्हा लोक खडक खरवडून शिंपले खाऊन जगले. त्याही हजारो वर्षं आधीच्या, अश्मयुगातल्या माणसांनी खाल्लेल्या लिंपेटच्या शिंपल्यांचे ढीग ओरनसे बेटावर आजही आहेत. त्यांना 'थोडं ठेवा हो' असं सांगणं निव्वळ क्रूरपणा झाला असता. भुकेला माणूस या श्लोकातला चोर नाही. गाडीने येऊन सोमवारी सकाळी स्टँडअपला परतणाऱ्या आम्हा तिघांचा हिशोब वेगळा. हौसेने भुकेचे हक्क मागू नयेत.

जूनमध्ये तिथे रात्री दहानंतरही उजेड असतो. अजून तासभर सहज पाण्यात राहता आलं असतं, मग दोनवर का थांबलास, असं मी त्याला विचारलं. तव्यात दोनच मावतात, म्हणाला. एक त्यांनी दोघांत खाल्ला, एक पलीकडच्या तंबूतल्या वयस्कर जोडप्याला दिला. मी त्याच पंगतीत बसून रेडी-टू-ईट राजमा खाल्ला. 'चालतं का असं बसलेलं?' असं मला इथे काहीजण नक्की विचारतील. मला तरी चाललं. माझं पातेलं वेगळं होतं, गप्पा एकच होत्या.

सकाळी त्यांनी पाण्यात टाकलेले काटे बघायला गेलो, तर खेकडे आधीच कामाला लागले होते. माझी राजम्याची तीन चकचकीत पाकिटं मात्र खायला कोणी येणार नव्हतं. ती घडी घालून सॅकमध्ये भरली आणि ग्लासगोपर्यंत परत आणली.

राम कृष्ण हरी.