रविवार कोणाचा?

रविवारी डोंबिवलीत सकाळ जरा उशिराच उजाडते. सावकाश चहा घेताना मला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. गृहस्थ आपल्या ठाण्याचेच, जन्म १८४८चा. मुंबईच्या गिरण्या झपाट्याने वाढत होत्या. कामगाराला मात्र हक्काचा सुट्टीचा वार नव्हता. १८८४ साली लोखंड्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. रविवार पदरात पडला तो १० जून १८९० रोजी!

त्याआधी, १८८१ साली, कारखान्यांचा पहिला कायदा झाला होता. त्यामागे रेटा होता तो लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा. त्यांना आपल्या पोरांचा कळवळा आला होता म्हणता? छे! मुंबईचे स्वस्त सूत त्यांना खुपत होते. तरीही सात वर्षांखालच्या मुलांना कायद्याने गिरणीचे दार बंद झाले, हे खरेच ना? मग स्वार्थापोटी घडलेल्या भल्याला भले म्हणावे की नाही? मी ‘नाही’ म्हणत असे. हेतू शुद्ध हवा, असे वर्गातही सांगत असे.

परवा दिवाळीच्या तोंडावर फराळाचे डबे घासून निघत होते. मी घरात म्हणालो, “आपल्या कामाच्या मावशींनाही रविवारी सुट्टी हवी, नाही का?” हेतू अगदी शुद्ध होता.

“द्या की,” आमची सौ. म्हणाली, “भांडी तुम्ही घासाल ना?”

मी वर्तमानपत्र जरा वर धरले.

रविवारी मावशी सातलाच आल्या.