खरी निवडणूक जूनमध्येच होते

१९४० साली ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ टेक्सासमधल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, मत द्यायला गेले. ते कृष्णवर्णीय होते, म्हणून त्यांना मतपत्रिका नाकारण्यात आली. पक्ष ही खासगी संघटना आहे, तिचा उमेदवार कोणी ठरवायचा ते ती बघून घेईल, असा यामागचा युक्तिवाद होता आणि १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्यही केला होता. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत मत द्यायला स्मिथ मोकळे होतेच. पण त्या काळच्या टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळाली की माणूस निवडून आल्यातच जमा. नोव्हेंबरचं मतदान हा निव्वळ उपचार असे. स्मिथ यांची बाजू थर्गुड मार्शल यांनी लढवली आणि १९४४ मध्ये न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने आपलाच जुना निकाल फिरवला. प्रायमरी हा निवडणूक प्रक्रियेचाच भाग आहे, वंशाच्या कारणावरून तिचं दार कोणाला बंद करता येणार नाही, असं त्याने ठरवलं.

या निकालातली मूळ जाणीव आजच्या अमेरिकेने पुन्हा हाती घ्यायला हवी, असं मला वाटतं. आपल्याकडे पक्षाने एबी फॉर्म दिला तो उमेदवार. तिथे पक्षाचे पुढारी कितीही विरोधात असले तरी प्रायमरी जिंकणाऱ्यालाच पक्षाचं नाव मिळतं. पुढाऱ्यांची मक्तेदारी मोडणारी ही सुधारणा मोलाची होती. पण बहुतेक मतदारसंघ आता एकाच पक्षाचे बालेकिल्ले झाले आहेत. जून २०१८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स-ब्राँक्सच्या मतदारसंघातल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी जो क्राउली या मातब्बर खासदाराला हरवलं, तेव्हा मतं पडली होती सुमारे ३० हजार. अशा मतदारसंघाची लोकसंख्या सात लाखांच्या घरात असते. नोव्हेंबरमध्ये त्यांना ७८ टक्के मतं मिळाली. म्हणजे निकाल जूनमध्येच लागला होता. आणि फक्त पक्षाकडे नोंद असलेल्या मतदारांसाठीच असलेल्या त्या प्रायमरीत भाग घ्यायचा, तर आधीच नोंदणी असलेल्या मतदाराला आपला पक्ष आदल्या ऑक्टोबरमध्येच बदलून घ्यावा लागत होता, उमेदवारांची नावं पुरती कानावर येण्याआधी.

वंश बदलता येत नाही, पक्षनोंदणी बदलता येते, हा फरक मोठा आहे आणि तो पुसू नये. शिवाय आपले उमेदवार परक्यांनी का ठरवावेत, ही पक्षांची तक्रारही खोटी नाही. २००० साली कॅलिफोर्नियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीच उचलून धरली. मात्र त्यावर तोड आहे. प्रायमरी पक्षाची न ठेवता सर्वांची करायची. कॅलिफोर्नियात सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर येतात आणि पहिले दोन पुढे जातात. अलास्कात पहिले चार. पक्षाला हवा त्याला पाठिंबा द्यायची मुभा राहतेच. याने राजकारण मवाळ होतं, असा दावा मी करणार नाही. २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने मत देणाऱ्या दहा रिपब्लिकन प्रतिनिधींपैकी पुढच्या निवडणुकीत टिकलेले दोघे, डॅन न्यूहाउस आणि डेव्हिड व्हालादाओ, अशाच खुल्या पद्धतीच्या राज्यांतले होते हे खरं. पण जेमी हेरेरा ब्यूटलर त्याच पद्धतीत वॉशिंग्टनमध्ये हरल्या. माझा आग्रह निकालासाठी नाहीच. जिथे प्रतिनिधी खरोखर ठरतो, तिथे प्रत्येक मतदाराला मत असावं, एवढाच तो आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेव्हाडा, कोलोरॅडो, आयडाहो या राज्यांच्या मतदारांनी अशा सुधारणा फेटाळल्या. त्यांत पसंतीक्रमाने मत देण्याची पद्धतही जोडलेली होती, त्यामुळे तो कौल केवळ खुल्या प्रायमरीविरुद्ध होता असं म्हणता येत नाही. अलास्कात मात्र ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव हजाराहून कमी मतांनी पडला.