शिकाऊ पंचाचा अधिकार

ज्याला एखाद्या विषयाचे पूर्ण ज्ञान नाही, त्याने त्या विषयात दुसऱ्याचा न्याय करावा काय? प्रश्न ऐकताच ‘करू नये’ असे सांगून आपण मोकळे होतो. परंतु न्याय करण्याचे ज्ञान न्याय करूनच येते, ही अडचण मग पुढे उभी राहते. वैद्याच्या पहिल्या रोग्याच्या आणि शिक्षकाच्या पहिल्या वर्गाच्या वाट्याला अपुरे ज्ञानच येते. मोठमोठ्या न्यायासनांच्या संदर्भात हा प्रश्न धूसर होतो. म्हणून तो एका लहान जागी, नेटबॉलच्या मैदानावर, मांडून पाहण्याचा विचार आहे.

नेटबॉल आपल्याकडे काही शाळांतून खेळला जात असला, तरी त्याचे खरे घर म्हणजे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका हे देश. १८९१ साली अमेरिकेत जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल काढला. तो इंग्लंडमध्ये मुलींच्या हाती येऊन पालटला आणि १९०१ साली त्याचे स्वतंत्र नियम छापले गेले. प्रत्येक संघात सात जणी. दहा फूट उंचीवरील कड्यातून चेंडू टाकावयाचा. कड्यामागे फळी नाही. चेंडू हाती असता धावता येत नाही, आणि तीन सेकंदांच्या आत तो टाकावा लागतो. अडविणारीने चेंडू धरणारीपासून तीन फूट दूर राहिले पाहिजे, आणि धक्क्याने कोणाच्या खेळात अडथळा आणता कामा नये. पंच दोन, प्रत्येकाकडे अर्धे मैदान. आपल्या ‘पंच’ या शब्दात मुळात पाच माणसे आहेत. ती पारावर बसून साक्षी ऐकत, आणि निर्णय उद्यावर ढकलू शकत. नेटबॉलच्या पंचाला ‘उद्या’ नाही. एका श्वासात शिटी वाजते किंवा वाजत नाही.

नियम पाठ करणे हे थोड्या दिवसांचे काम आहे. पण ते तीन फूट डोळ्यांनी मोजावयाचे कसे? हे अंतर चेंडू धरणारीच्या जमिनीवर टेकलेल्या पावलापासून अडविणारीच्या जवळच्या पावलापर्यंत धरतात. अंतर राखले असेल, तर अडविणारीने चेंडूवर हात पसरण्यास हरकत नाही. प्रेक्षकांना मात्र हातच दिसतात आणि ते ओरडतात. नवखा पंचही हातच पाहतो. नियम पाय पाहावयास सांगतो. यावर उपाय साधा आहे. रिकाम्या मैदानावर फितीने तीन फूट मोजून खडूने दोन खुणा कराव्यात, आणि त्या बाजूने, समोरून व मागून पाहून नजरेत बसवाव्यात. बाजूने स्पष्ट दिसणारे अंतर मागून पाहिले असता आखडून जाते. म्हणून पंच कडेने सारखा धावत असतो. धावून योग्य जागी पोहोचल्यावर ज्याची नजर चुकली, त्याची चूक क्षम्य आहे. पण जो मध्येच उभा राहून ‘बहुधा असे झाले असावे’ या तर्कावर शिटी फुंकतो, त्याची चूक अज्ञानाची नव्हे, आळसाची आहे. या दोन चुकांचा निर्णय बाहेरून सारखाच दिसतो, त्यांचे नैतिक मोल मात्र सारखे नाही.

तथापि किंमत भरतो कोण? अंतराचा किंवा धक्क्याचा दोष ज्या मुलीवर लागला, तिला प्रतिपक्षाचा चेंडू टाकला जाईपर्यंत टाकणारीच्या शेजारी निमूट उभे राहावे लागते. निर्णय चुकीचा असेल, तर पंचाच्या शिक्षणाची फी बारा वर्षांच्या मुलीने भरली असे होते. ‘खेळच तो’ म्हणून ही गोष्ट उडवून लावणे मला पटत नाही. न्याय म्हणजे काय, याची त्या वयातली समज प्रवचनांतून कमी आणि अशा प्रसंगांतून अधिक येते. पंचाविना सामना होत नाही, आणि अनुभवी पंच आभाळातून पडत नाहीत, हे खरे; परंतु त्यामुळे शिकाऊ पंचाचे ऋण फिटत नाही, उलट ते सिद्ध होते. हे ऋण मानणारा माणूस प्रथम लहानांच्या सामन्यांत उभा राहतो, कडेला जाणत्या पंचाला बसवून घेतो, आणि दृष्टीआड काही घडले तर दुसऱ्या पंचास विचारण्यात कमीपणा मानत नाही.

या ऋणाची एक खोटी परतफेड मात्र फार मोहक असते. एका संघावर अन्याय झाला असे मनात आले, की पुढचा संशयास्पद निर्णय त्यांच्या बाजूने देऊन पंच हिशेब चुकता करू पाहतो. लोक यालाच मनाचा मोठेपणा म्हणतात! वस्तुतः पहिला निर्णय अजाणता चुकला होता. दुसरा जाणूनबुजून चुकविला जातो, आणि ज्या मुलीने काहीच केले नाही तिच्या अंगावर तो पडतो. पंच संघांचा सावकार नव्हे. त्याच्यासमोर दर वेळी एकच प्रसंग असतो.

सर्वांत अवघड शिकवण मात्र शिटी न वाजविण्याची आहे. समजा, चेंडू टाकताना एकीला धक्का लागला, तरी तिचा चेंडू कड्याखालच्या सखीपर्यंत पोहोचला. पंचाने तत्क्षणी शिटी वाजविली तर खेळ थांबतो, विस्कटलेला बचाव पुन्हा जागेवर येतो, आणि धक्का देणाऱ्या संघाचाच फायदा होतो. म्हणून अशा वेळी हात उंचावून ‘लाभ’ असे सांगावयाचे आणि खेळ चालू द्यावयाचा, असा नियमच आहे. नवख्याला हे जड जाते, कारण दिसलेल्या दोषाला शिक्षा न करणे त्याला कर्तव्यच्युती वाटते. पण शिक्षा कोणासाठी? पंचाची दक्षता सिद्ध व्हावी म्हणून, की जिच्यावर अन्याय झाला तिचे नुकसान टळावे म्हणून? जेथे शिक्षेनेच तिचे नुकसान होते, तेथे पंचाने शिटी ओठांतच ठेवावी. अर्थात ही सूट आडदांडपणाला नाही. कोणी मुद्दाम धसमुसळेपणा करू लागली, तर तिला ताकीद देता येते आणि दोन मिनिटांकरिता बाहेरही बसविता येते.

विश्रांतीच्या वेळी कर्णधाराला एखाद्या नियमाचा खुलासा पंचास विचारता येतो. शिकाऊ पंचाला या प्रश्नाची धास्ती वाटते, आणि मग तो आवाज चढवितो. त्याची गरज नाही. कोणता नियम लावला आणि आपण काय पाहिले, एवढे त्याने शांतपणे सांगावे. राहता राहिले कडेला उभे असलेले आईबाप. तीन फुटांवरून वाद घालावयाचा असेल, तर त्यांनी आधी एकदा कडेने धावून पाहावे. पुष्कळ ठिकाणी या ओरडण्यापायीच तरुण पंच शिटी खाली ठेवतात, आणि पुढच्या रविवारी मुली मैदानावर येऊन पंचाची वाट पाहत बसतात.