पुंडलिकाची सेवा आणि म्हाताऱ्यांचे काळीज

देव दारी आला तेव्हा पुंडलिक काय करीत होता? टाळ वाजवीत नव्हता, कीर्तन करीत नव्हता. म्हाताऱ्या आईबापांची सेवा करीत होता. ती पुरी होईतो देवाला त्याने विटेवर थांबविले. पंढरीचा पायाच असा दोन जीर्ण देहांच्या सेवेवर घातलेला आहे, ही गोष्ट आम्ही नित्य सांगतो आणि नित्य विसरतो. कसे विसरतो, ते आज आमच्याच तोंडाने सांगावयाचे आहे.

माउलींच्या पालखीची पुणे ते सासवड ही मजल तीस किलोमीटरांच्या आसपासची. वाटेत दिवेघाटाची चढण, आणि दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा, म्हणजे पोटात उपास. काही वर्षांपूर्वी त्या घाटात आमच्या दिंडीतील एक वृद्ध वारकरी मध्येच खाली बसले. छातीत कळ नव्हती. दरदरून घाम आणि दम तेवढा लागला होता. कोणी म्हणाले, "पित्त झालंय, लिंबू द्या." आम्हीही मान डोलावली. तासाभरात ते गेले. रात्रीच्या कीर्तनात आम्ही सांगितले, वारीच्या वाटेवर मरण, केवढे हे भाग्य! कीर्तन सुटल्यावर त्यांच्या कारभारणीने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून आमच्यापुढे धरली. "रक्तदाबाच्या हायेत, महाराज. आज घेतल्या न्हाईत. उपासाला पाण्याबिगर काही नको, असं तुम्हीच सांगितलं हुतं नव्हं?"

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

श्रोतेहो, देशात म्हातारी माणसे वाढत आहेत. २०११ च्या जनगणनेत साठी गाठलेले दहा कोटींहून अधिक निघाले. पूर्वी पटकी-प्लेगाने माणूस तरुणपणीच जाई, आता तो म्हातारा होतो ही कृपाच. पण वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठर होतात, आतून मेदाचे थर धरतात, आणि एखाद्या थरावर रक्त गोठले की काळजाचा पुरवठा अडतो. जगात २०१९ साली हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या रोगांनी सुमारे १ कोटी ७९ लाख माणसे गेली. तीन मृत्यूंतला जवळजवळ एक. कोणी म्हणेल, म्हातारे वाढले की असे मृत्यू वाढायचेच. हे अर्धेच खरे. म्हातारे अमेरिकेतही वाढले. तरी १९७० पासूनच्या दशकांत तिथे वयाच्या मानाने हृदयविकाराच्या मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. धूम्रपान घटले, रक्तदाब आवरला, उपचार वेळेवर मिळू लागले. मग कपाळावर लिहिले होते म्हणून आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे?

माळ घातली म्हणजे मद्यमांस सुटते. तंबाखू आणि मिश्री मात्र पुष्कळांच्या कनवटीला तशीच राहते. (आमच्याही होती.) उपासाचे म्हणाल, तर तुपातली साबुदाण्याची खिचडी व्रतात बसते आणि एक गोळी बसत नाही, हे शास्त्र कोणते? गोळीने एकादशी मोडत नाही. मधुमेहाच्या औषधाचे मान तेवढे उपासात बदलावे लागते, ते डॉक्टरांस आधीच विचारून घ्यावे. आणि म्हाताऱ्या माणसाला, बायामाणसांना, मधुमेह्याला छातीत कळ न येताही झटका येतो. नुसता दम, घाम, मळमळ, जबड्यात किंवा हातात दुखणे, एवढ्यावरही त्याला बसवावे, चालवू नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लिंबू मागाहून.

ज्यांना डॉक्टरांनी चालू नका म्हटले, त्यांचे डोळे भरून येतात, हे आम्ही पाहतो. त्यांनी अरणच्या सावतोबांना आठवावे. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत. देवच मळ्यात आला, असे आपली परंपरा सांगते.

त्या माउली अजून वारीला येतात. एकादशीच्या पहाटे दिंडी निघण्यापूर्वी पाण्याचा तांब्या घेऊन म्हाताऱ्यांच्या रांगेतून फिरतात. ज्याची गोळी असेल त्याने ती गिळलेली पाहिल्यावाचून पुढे सरकत नाहीत. विणा तोवर थांबतो.