नाही म्हणणारा कुठं गेला?

महाडला 'नाही' म्हणणारे लोक होते. समोर उभे होते. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्याची पायरी उतरले, ओंजळभर पाणी प्याले. मागाहून आपल्या लोकांची डोकी फुटली, तळं शेण-गोमूत्र घालून शुद्ध करण्यात आलं. पण सगळं उजेडात झालं. वैऱ्याला तोंड होतं, हातात लाठी होती.

आज माझ्या वस्तीला कोणीच नाही म्हणत नाही. सगळे हो म्हणतात. सरपंच हो म्हणतो, साहेब हो म्हणतो, आमदार तर नारळ फोडून केव्हाच मोकळा झाला. फक्त पाणी येत नाही.

म्हणून मला पडलेला प्रश्न सरळ विचारतो. कोणीच नाकारलं नाही, नुसता उशीर झाला, तर तो अन्याय आहे की नाही? आणि असला तर तो केला कोणी?

महाडची दुसरी बाजू आपण सभेत फारशी सांगत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा, हा बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात 1923 ला पास झाला होता. महाड नगरपालिकेनं 1924 ला तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळं आपलंच होतं. तरी जावं लागलं. गेल्यावर नगरपालिकेनं ठराव मागं घेतला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि हायकोर्टाचा निकाल आला तो मार्च 1937 मध्ये. माणसं एका दिवसात तळ्यावर पोचली. कागदाला पोचायला चौदा वर्षं लागली.

या चौदा वर्षांत किती लेकरं कुठलं पाणी प्याली, त्याची नोंद कोणी ठेवली असेल?

एक मित्र म्हणतो, "उशीर सगळ्यांनाच आहे, तू उगाच जात काढतोस." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. जायकवाडीचं धरण 1976 ला राष्ट्राला अर्पण झालं. त्याच धरणावर तहान भागवणाऱ्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, 1680 कोटींच्या नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन डिसेंबर 2020 ला झालं. पुढं तिचा खर्च 2700 कोटींवर गेला. तिथं बामण, मराठा, मुसलमान, बौद्ध, सगळ्यांनीच ड्रम भरून ठेवले.

कबूल. पण ज्याच्या अंगणात बोअर आहे, जो फोन करून टँकर मागवतो, त्याच्यासाठी उशीर म्हणजे महिन्याचा खर्च. ज्याचा सगळा भरवसा एका हापशावर आहे त्याच्यासाठी उशीर म्हणजे पोरीची शाळा, बाईची कंबर, आणि पावसाळ्यात आडाला गढूळ पाणी आलं की जुलाब. आडात टीसीएल पावडर टाकायची तीही कोणाला आठवली तर. घड्याळ एकच, पण काटे सगळ्यांच्या अंगावरून सारखे फिरत नाहीत.

आणि 'होत नाही' हेही खरं नाही. एप्रिल 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी नेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटरच्या आसपास पाणी. मनात आलं की रेल्वेचे रूळसुद्धा नळ होतात. म्हणजे मनात कधी येतं आणि कोणासाठी येतं, हा प्रश्न उरतोच.

आता माझं सांगतो. इतका वेळ दुसऱ्यांवर बोललो.

मी पाण्याच्याच खात्यात कारकून होतो. कचेरीचं नाव सांगत नाही, सगळ्या कचेऱ्या सारख्याच. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, अशा पायऱ्या चढत फाईल जाते. एका पायरीवर ती अडली की दरसूची बदलते. जुन्या दरात ठेकेदार काम घेत नाही. मग सुधारित अंदाजपत्रक, म्हणजे पुन्हा पहिली पायरी. उशिराच्या पोटी उशीर जन्मतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एका फेब्रुवारीत एका दलित वस्तीच्या पाईपलाईनची फाईल माझ्या टेबलावर आली. टाकीच्या जागेचा सातबारा जोडलेला नव्हता. 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' एवढं लिहून त्याच दिवशी पाठवायला हवी होती. पुतणीचं लग्न होतं, मी रजेवर गेलो. आल्यावर ढीग होता. नऊ दिवस ती फाईल माझ्याकडं पडून राहिली. सातबारा येईपर्यंत मार्चअखेर उलटली, निधी परत गेला. त्या वस्तीला नळ आले ते दोन वर्षांनी.

मला कोणी विचारलं नाही. नोटीस नाही, मेमो नाही. माझ्या मनात जात नव्हती, मी तर त्याच जातीचा. माझी आई 1972 च्या दुष्काळात खडी फोडून डोक्यावर घागर घेऊन आलेली. तिचा पोरगा ते नऊ दिवस झोपला नीट, जेवला नीट.

आपल्या अंकांतून आपण 'व्यवस्था' या शब्दावर लई दगड मारतो. मीही मारले. पण व्यवस्थेला खुर्ची असते, खुर्चीवर गादी असते, आणि त्या गादीवर मी बसलो होतो. म्हणजे वरच्या आळीचा हिशेब मिटला असं नाही. पहिल्या टप्प्यात गावठाण आणि दुसऱ्या टप्प्यात वस्ती, हे नकाशावर ठरवणारा मी नव्हतो. तो टप्पा कायम दुसराच का असतो, हे विचारलंच पाहिजे. पण विचारताना माझे नऊ दिवस मला वजा करता येत नाहीत. जातीनं नकाशा काढला, मी त्यावर पेपरवेट ठेवला.

हर घर नल 2024 पर्यंत, असं 2019 च्या पंधरा ऑगस्टला जाहीर झालं होतं. माणशी रोज 55 लिटर. 2025 च्या बजेटात ती मुदत 2028 वर नेली. आमच्या वस्तीत नळ बसलेत. भिंतीवर नंबर रंगवलेत. टाकीजवळच्या घरांनी लाईनला मोटारी लावल्या, आम्ही लाईनच्या शेपटाला. तोटी उघडली की आधी हवा येते, मग काहीच येत नाही. कागदावर जोडणी पूर्ण.

दिवाळीत गेलो तर चुलतीनं नळाच्या खांबाला शेळी बांधली होती.

"तू तर पान्याच्याच हापिसात होतास ना रं? मग सांग, कव्हा येनार?"

"येईल काकू," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं एक घागर कमरेवर घेतली, दुसरी माझ्या हातात दिली, आणि आम्ही हापशाकडं निघालो. पुढं अकरा घागरी लागलेल्या होत्या.